अजून न आलेल्या माणसाची जागा

चि. बाळू यास,



शनिवारी फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं, पण उत्तर दिलं नाही. मागे बाळ रडत होतं, ताई काहीतरी विचारत होती, आणि हा विषय घाईत उरकण्यासारखा नव्हता. तुमच्या रेडिंगच्या सुपरमार्केटात मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांसाठी राखलेल्या जागेत एक एकटा माणूस गाडी लावून गेला, तुला लांबच्या रांगेत जावं लागलं, आणि परतताना तू त्याच्या काचेवर एक झणझणीत चिठ्ठी खोचून आलास. ‘माझं बरोबरच ना, मावशी?’ असं तू विचारलंस. तुझा राग मला समजतो. चिठ्ठी मात्र पटली नाही. इकडे लेस्टरला मी बरीच वर्षं एका मोठ्या दुकानात कस्टमर सर्व्हिसच्या टेबलाशी काम केलं आहे. बाहेर पार्किंगवरून होणारी भांडणं शेवटी त्या टेबलाशीच येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या जागा दाराजवळ असतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की चार पावलं वाचावीत म्हणून त्या ठेवल्या आहेत. जवळ असण्याचा उपयोग आहेच, पण खरी किंमत रुंदीची. इथे पार्किंगची नेहमीची चौकट साधारण २.४ मीटर रुंद आखतात. गाड्या मात्र फुगत चालल्या आहेत. युरोपात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांची सरासरी रुंदी २०१८ साली १७७.८ सेंटिमीटर होती, २०२३ च्या पहिल्या सहामाहीत ती १८०.३ झाली, आणि हे माप बाजूचे आरसे सोडून. म्हणजे दोन्ही गाड्या आपापल्या चौकटीत अगदी मधोमध उभ्या असल्या तरी मध्ये उरतात जेमतेम ६० सेंटिमीटर. तेवढ्यात मोठा माणूस पोट आत घेऊन, आडवा होऊन बाहेर पडतो. बाळाचं तसं होत नाही.

तुमच्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवलेली आहे. इथल्या नव्या आय-साइझ नियमाप्रमाणे बनलेल्या सीटमध्ये निदान पंधरा महिन्यांपर्यंत मूल तसंच बसवावं लागतं, आणि एअरबॅग चालू असेल तर अशी सीट पुढे लावायला कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे मागचंच दार उघडायचं. ते पहिल्या खाचेपर्यंत उघडून भागत नाही, पार शेवटपर्यंत उघडावं लागतं. मग कंबरेत वाकून आत जायचं, एका हातानं बाळाची मान सावरायची, दुसऱ्या हातानं पट्ट्याचं लाल बटण दाबायचं. ते बटण लहान मुलाला दाबता येऊ नये म्हणून मुद्दाम घट्ट केलेलं असतं. थंडीत आणखी एक काम वाढतं. जाड फुगीर कोट घालून मुलाला पट्टा बांधायचा नसतो, पट्टा बाहेरून घट्ट दिसला तरी कोट दबतो आणि आतून सैल राहतो. म्हणून गाडीपाशी कोट काढायचा, पट्टा बांधायचा, वरून पांघरूण घालायचं. हे सगळं चालू असताना दार सताड उघडं, पाठीवर पाऊस, आणि शेजारच्याच्या गाडीला आपलं दार लागू नये म्हणून एक पाय त्या दाराला टेकवलेला. सूनबाईचं तर सिझेरियन झालेलं. बाळापेक्षा जड काही उचलू नका, असं इथे घरी सोडतानाच सांगतात. आणि बाळासकट उचललेली सीट बाळापेक्षा जडच असते.

तेव्हा ती जास्तीची रुंदी म्हणजे त्या पाच-सात मिनिटांची सोय. आईबाप झाल्याबद्दल कुणी दिलेला मान नव्हे. मला जे सांगायचं आहे त्यातलं पुष्कळसं यातच आलं.

आता कायद्याचं. फोनवर तू म्हणालास की त्या माणसानं कायदा मोडला. तसं नाही. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या जागेमागे कायदा उभा आहे. अपंगांना पार्किंगसाठी मिळणाऱ्या निळ्या बॅजची मुळं १९७० च्या कायद्यात आहेत, आणि अपंग ग्राहकांसाठी वाजवी सोय करणं २०१० च्या समानता कायद्यानं दुकानांवर बंधनकारक केलं आहे. दुसऱ्याचा बॅज लावून फसवणूक केली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडील-मुलांच्या जागेला असा कोणताच आधार नाही. दुकानानं आपल्या खासगी आवारात, आपल्या मर्जीनं, डांबरावर रंगवलेलं ते एक चित्र आहे. मुलाच्या वयाची अटसुद्धा दुकानागणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांखालचं मूल बरोबर असलं की चालतं. पाटीवर नियम स्पष्ट लिहिलेले असतील तर पार्किंग बघणारी खासगी कंपनी पैसे मागू शकते, कारण आत शिरून गाडी लावली की पाटीवरचा करार तुम्ही मान्य केला असं धरतात. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये ठरलेल्या दोन तासांहून जास्त थांबलेल्या गाडीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१५ साली मागितलेले ८५ पौंड न्यायालयानं कंपनीच्या पदरात टाकले. पण तो झाला कराराचा भाग. पोलिस येणार नाहीत, कौन्सिलचा माणूस येणार नाही. इटलीत २०२१ पासून गरोदर बायका आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाप यांच्यासाठीच्या जागांना वाहतूक कायद्यातच स्थान मिळालं आहे, त्यासाठी वेगळा परवाना असतो. इथे तसं काही नाही. इथे ही जागा फक्त माणसांच्या समजुतीवर टिकून आहे. म्हणूनच ती जपायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

तू डोंबिवलीत वाढलास. कडेवर मूल घेतलेली बाई लोकलच्या डब्यात चढली की गर्दी कितीही असो, कुणीतरी सरकतं, कुणीतरी ‘बस गं’ म्हणतं, नाहीतर मूल तरी मांडीवर घेतं. तिथे पाटी लागत नाही, कारण ती बाई समोर उभी असते. तिचा घाम दिसतो, मुलाची मान कलंडलेली दिसते. डोळ्यांना दिसलं की मन आपोआप हलतं. पार्किंगमध्ये अडचण नेमकी इथेच आहे. तू ज्याची जागा घेतोस तो माणूस अजून आलेलाच नसतो. समोर दिसते ती फक्त एक रिकामी चौकट. ती बाई दहा मिनिटांनी येते, दोन फेऱ्या मारते, पार कोपऱ्यात गाडी लावते. तोवर तू दुकानात दुधाच्या कपाटापाशी असतोस. तुला ती कधीच दिसत नाही. म्हणून इथली सभ्यता आधीच पाळावी लागते, न पाहिलेल्या माणसासाठी.

आमच्या दुकानातली एक दुपार मला लख्ख आठवते. एक तरुण आई दोन मुलांना घेऊन टेबलाशी आली. एक तान्हं ट्रॉलीतल्या बाळाच्या सीटमध्ये, दुसरं अडीच-तीन वर्षांचं, हाताला धरलेलं. राखीव जागा भरल्या होत्या म्हणून तिनं साध्या जागेत गाडी लावली होती. ती आली तेव्हा शेजारची चौकट रिकामी होती, त्यामुळे दार पूर्ण उघडून दोघांनाही नीट काढता आलं. खरेदी करून परत जाते तो शेजारी एक मोठी गाडी रेघेला चिकटून उभी. मागचं दार चार बोटं उघडत होतं. दुसऱ्या बाजूला खांब. बाळाला आत ठेवायचं कसं? डिकीतून आत चढून, सीटच्या पाठीवरून बाळाला खाली उतरवायचं, एवढाच मार्ग उरला होता, आणि तोवर मोठ्याला गाड्यांच्या वाटेवर कुणाच्या भरवशावर उभं करायचं? ती रडत नव्हती, पण आवाज ताणलेला होता. आम्ही त्या मोठ्या गाडीचा नंबर लाउडस्पीकरवर पुकारला. दोनदा पुकारल्यावर गाडीवाला आला, एक वयस्कर गृहस्थ. बिचारा ओशाळून गेला. त्याचं तरी काय चुकलं होतं? साधी जागा, त्यानं रीतसर लावलेली. मग मी जॅकेट चढवून तिच्याबरोबर बाहेर गेले. राखीव रांगेतून एक तरुण गाडी काढत होता. गाडीत मुलाची सीट नाही, हातात सँडविच आणि थंड पेयाचा डबा. त्यानं आमच्याकडे पाहून हात हलवला आणि हसून निघून गेला. तो माणूस दुष्ट नव्हता. त्यानं जागा रिकामी पाहिली, ‘दोनच मिनिटांचं काम’ म्हणाला असेल, आणि त्याच्या दृष्टीनं कुणाचंही काही बिघडलं नव्हतं. त्याच्या दोन मिनिटांचा त्या आईच्या अर्ध्या तासाशी काही संबंध आहे हे त्याला कळायला वावच नव्हता.

म्हणून आता तुमच्या घराकडे वळते, कारण दुसऱ्याच्या गाडीपेक्षा आपली गाडी आपल्या हातात असते. ताई सहा महिन्यांसाठी आली आहे. बाळंतपणाला आई आली की सगळं घर एकत्रच बाहेर पडतं. दुकानातही तू, सूनबाई, ताई आणि बाळ, असे सगळे जाता. तुमच्या गाडीत मूल आहे, म्हणून नियमानं ती जागा तुमची, याबद्दल वाद नाही. पण एका बाळामागे तीन मोठी माणसं असताना रांगेत एकच राखीव जागा उरली असेल, तर ती सोडावी असं मला वाटतं. तुम्ही कडेची, एका बाजूला झाडी किंवा पदपथ असलेली जागा बघा. तिथे एका बाजूचं दार कायम मोकळं राहतं, बाळाची सीट त्याच बाजूला असली की काम झालं. मागून एकटी बाई जुळ्यांना घेऊन येत असेल, तिला अशी सवड नसते. सूनबाईला टाक्यांमुळे लांब चालवत नसेल तेव्हा मात्र संकोच न करता राखीव जागा घ्यायची.

दुसरं, ताई आणि बाळ गाडीतच बसणार असतील आणि तू एकटाच धावत आत जाणार असशील, तर त्या जागेची गरजच नाही. दार उघडायचंच नाही, मग रुंदी कशाला? आणि बाळ घरी आजीपाशी ठेवून आलेला असशील तर मागच्या रिकाम्या सीटच्या जोरावर तिथे गाडी लावू नकोस. हे मी इतकं स्पष्ट लिहिते, कारण हे करणारे फार असतात आणि ती सगळी चांगल्या घरची, स्वतः लहान मुलं असलेली माणसं असतात. त्यांना वाटतं, आपण आईबाप आहोत, जागा आईबापांची आहे.

आता त्या चिठ्ठीबद्दल. तू त्या माणसाला एकट्यानं उतरताना पाहिलंस. त्याची बायको मुलाला घेऊन आधीच आत असेल, बसनं आली असेल, आणि हा दोघांना घरी न्यायला आला असेल, तर? येताना एकटा, जाताना मूल आणि सहा पिशव्या. दार उघडायची पाळी जातानाच येणार. असे कितीतरी मी पाहिले आहेत. किंवा त्याच्याकडे निळा बॅज असेल आणि अपंगांच्या जागा भरलेल्या असतील. बऱ्याच दुकानांत अशा वेळी त्याला आईवडील-मुलांच्या जागेत लावू देतात, आणि ते योग्यच आहे; व्हीलचेअरलाही दार तेवढंच उघडावं लागतं. तो चालताना धडधाकट दिसला म्हणशील, तर इंग्लंडमध्ये २०१९ पासून बाहेरून न दिसणाऱ्या त्रासासाठीही निळा बॅज मिळू शकतो. ऑटिझम असलेलं माणूस लंगडत चालत नाही. यातलं काहीच नसेल आणि तो निव्वळ आळशीही असेल. पण काचेवरच्या चिठ्ठीला उत्तर देता येत नाही. खरंच गरज असलेल्या माणसाच्या हाती ती पडली तर त्याचा सगळा दिवस नासतो, आणि आळशी माणूस ती चुरगाळून खाली टाकतो. तक्रार असेल तर आत टेबलाशी सांगावी. एकाच गाडीबद्दल दोन-तीनदा तक्रार आली की आम्ही लक्ष ठेवत असू, कधी गोड शब्दांत बोलतही असू. पार्किंगमध्ये हुज्जत घालू नये, बाळ बरोबर असताना तर मुळीच नाही.

उलट बाजूही तितकीच पक्की ध्यानात ठेव. आईवडिलांच्या जागा भरलेल्या असल्या आणि अपंगांच्या चार जागा रिकाम्या दिसल्या, बाळ रडत असलं, पाऊस कोसळत असला, तरी तिथे गाडी लावायची नाही. एक मिनिटसुद्धा नाही. तुला लांबून बाळ उचलून आणता येतं. ज्याला ती जागा हवी त्याला पुष्कळदा घरीच परतावं लागतं. तिथेही शेजारची पट्ट्यापट्ट्यांची आखलेली जागा ही व्हीलचेअर उतरवायला सोडलेली १.२ मीटरची वाट असते, गाडीचं नाक घुसवायला नव्हे.

सूनबाईनं विचारलं होतं की सातव्या-आठव्या महिन्यात तिला ती जागा चालली असती का. बहुतेक दुकानांच्या नियमात गरोदरपण बसत नाही. पाटी म्हणते मूल बरोबर हवं. मला हे कधीच पटलं नाही. शेवटच्या महिन्यांत अर्ध्या उघडलेल्या दारातून, स्टिअरिंगमागून उतरणं काय असतं हे उतरणारीलाच ठाऊक. लंडनच्या ट्यूबमध्ये २००५ पासून ‘बेबी ऑन बोर्ड’चा बिल्ला मिळतो, तो कोटाला लावला की लोक न विचारता उठतात. तसं पार्किंगमध्ये काही नाही. पुढच्या वेळी, आणि तुमच्या मैत्रिणींपैकी कुणाला गरज असेल तर, आत टेबलाशी जाऊन विचारायला सांगा. मी तरी पोटुशी बाईला कधी नाही म्हटलं नाही, आणि माझ्या बरोबरीच्या कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

आणि ही जागा सोडायचीही वेळ येते. इथे मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, त्याला योग्य ती सीट लागते. म्हणून पुष्कळजण बारा वर्षं ती जागा वापरत राहतात, आणि दुकानाच्या नियमात ते बसतं. पण सात-आठ वर्षांचं मूल स्वतः पट्टा सोडतं, स्वतः उतरतं. दाराची कड हातात धरून हळूच उघडायचं, शेजारच्या गाडीला लागू द्यायचं नाही, उतरल्यावर गाडीला हात लावून उभं राहायचं, एवढं त्याला शिकवता येतं. ते शिकलं की शनिवारच्या सकाळी त्या रांगेकडे वळायचं नाही. मंगळवारी रात्री नऊला सगळी रांग ओस असते, तेव्हा कुणाचं काही अडत नाही. तरी मी तेव्हाही लांबच लावायला सांगेन, कारण मूल सगळं बघत असतं.

सूनबाई आता पुन्हा गाडी चालवायला लागेल. साधारण सहा आठवड्यांनंतर बहुतेकींना चालवता येते, पण आधी डॉक्टरांना आणि गाडीच्या विमा कंपनीला विचारून घ्या. तिची बाळाला घेऊन एकटीची पहिली खेप शनिवारी ठेवू नका. मधल्या वारी सकाळी दहाच्या सुमारास गर्दी कमी असते. राखीव जागांपाशीच तान्ह्या बाळाला निजवता येईल अशा सीटच्या ट्रॉल्या बहुधा असतात. त्यातली एक आधी आणून गाडीशी उभी करायची, मग बाळ काढायचं. परतताना आधी बाळ सीटमध्ये, मग सामान, आणि ट्रॉली नेऊन ठेवताना बाळ नजरेआड होता कामा नये. मुलाला किती वयापासून गाडीत एकटं ठेवावं हे इथला कायदा सांगत नाही, पण त्याला धोका होईल असं ठेवणं गुन्हा आहे. ट्रॉल्यांची जागा लांब असेल तर दारातल्या पोऱ्याला हाक मारायची, तो खुशीनं घेऊन जातो. पहिल्या खेपेला तिला धीर हवा असेल तर मला आदल्या दिवशी फोन करा. लेस्टरहून सकाळची गाडी पकडून मी येईन आणि तिच्याबरोबर जाईन.

ताईला नमस्कार. तिची गुडघ्याची गोळी संपत आली असेल, बघ. बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी